कानस कोणाच्या पोराच्या हाती?

गेल्या महिन्यात विहारात रविवारची वंदना संपली आणि वस्तीतल्या एक ताई माझ्यासाठी थांबून राहिल्या. त्यांचा मुलगा यंदा नववीत गेला. म्हणाल्या, "भाऊ, शाळेत मॅडमनं बोलावलं होतं. म्हणे पोराचं पुस्तकात मन लागत नाही, त्याले मल्टी स्किल विषय देऊन टाका. हातचं काम शिकन, चार पैसे कमावन. तुमी तं आयटीआयवाले. तुमीच सांगा, देऊ का नको?"

मला पटकन उत्तर देता आले नाही. हिंगण्याच्या एमआयडीसीत तीसच्या वर वर्षे मी फिटर म्हणून काढली. याच कामावर घर बांधले, मुली शिकवल्या. त्यामुळे हातच्या कामाला मी कमी लेखू शकत नाही. पण 'देऊन टाका' हा शब्द कानात अडकला. हाच शब्द मी 1984 साली ऐकला होता.

तेव्हा मी आठवीत होतो. वर्ग सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. गुरुजी एक यादी घेऊन आले आणि नावे वाचू लागले. ज्यांची नावे वाचली त्यांनी तांत्रिक विषय घ्यायचा होता आणि 'ड' तुकडीत बसायचे होते. आम्हाला कोणी काही विचारले नाही. यादी संपल्यावर आम्ही एकमेकांकडे बघितले. आमच्या वस्तीतले जवळपास सगळे त्या यादीत होते. बाकी होते ते हमालांचे, विणकरांचे, रिक्षावाल्यांचे मुलगे. संस्कृत घेणारी 'अ' तुकडी जशीच्या तशी राहिली. जातीचा उल्लेख एकदाही झाला नाही. त्याची गरजच पडली नाही.

खरे सांगतो, कार्यशाळा मला आवडली. आठवड्यातून दोन दिवस आम्ही तिथे जायचो. पहिला जॉब म्हणजे लोखंडी पट्टीचा एक तुकडा. तो व्हाइसमध्ये पकडायचा, कानशीने घासायचा आणि गुण्या लावून बघायचा. गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून उजेड दिसला की जॉब परत. चौथ्या दिवशी उजेड दिसेनासा झाला. काटकोन म्हणजे काय हे मला फळ्यावर कधी कळले नव्हते, ते त्या दिवशी हाताला कळले. घरी येऊन आईला तळहातावरचे फोड दाखवले. तिला वाईट वाटले, मला अभिमान वाटत होता.

नुकसान झाले ते दुसरीकडे. 'ड' तुकडीला गणिताचे शिक्षक आठवड्यातून दोनदा आले तर नशीब. "तुम्हाला कुठे इंजिनिअर व्हायचंय?" असे ते हसत म्हणायचे, आणि आम्हीही हसायचो. दहावीत गणितात मी काठावर निघालो. पॉलिटेक्निकचा विचारही केला नाही, कारण तशी वाट आहे हेच कोणी सांगितले नव्हते. आयटीआय केल्यावर पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो, हे मला नोकरीला लागून बारा वर्षे झाल्यावर कळले. कंपनीत माझ्याहून वयाने लहान डिप्लोमाधारक मुले सुपरवायझर होऊन आली. मशीन बिघडले की ती मलाच बोलवायची. पगारपत्रकात मात्र ती माझ्या वर होती.

'अ' तुकडीत एका वकिलाचा मुलगा होता. त्याला यंत्रांचे भारी वेड. रेडिओ उघडायचा, घड्याळ उघडायचा. त्याने कार्यशाळेत येण्यासाठी हट्ट धरला तेव्हा त्याला सांगितले गेले, "तुझं काय काम तिथं?" म्हणजे ज्याला यायचे होते त्याला येऊ दिले नाही, आणि आम्हाला न विचारता पाठवले. मुलाचा कल कोणाचाच पाहिला नव्हता. पाहिला होता तो बाप.

बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात नेमके हेच सांगून ठेवले आहे. जातीने केलेली वाटणी कामांची नाही, ती काम करणाऱ्या माणसांची आहे, आणि तीही एकावर एक अशा पायऱ्यांची. त्या वाटणीत माणसाची कुवत आणि आवड यांना जागा नाही. जन्माच्या आधीच धंदा ठरलेला असतो.

आपल्या लोकांकडे कौशल्य नव्हते, असे ज्यांना वाटते त्यांनी मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास वाचावा. विणकाम खात्यात पगार चांगला होता. पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात सवर्ण कामगार येऊ देत नसत. त्याच्या वाट्याला कमी पगाराची खाती. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. काम शिकायची तयारी होती, हातही होते. मज्जाव होता तो जातीचा. म्हणून कौशल्य शिकवले की जात आपोआप गळून पडते, हा युक्तिवाद मला भाबडा वाटतो.

याच्या उलट टोकाची चूकही आपल्याकडे होते. चळवळीतले काही मित्र म्हणतात, हे व्यवसाय शिक्षण म्हणजे मनुस्मृतीच, आपल्या पोरांनी त्याकडे बघूही नये, कलेक्टरच व्हावे. मला हे मान्य नाही. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात शेतीचे ज्ञान असावे अशी मागणी केली होती. बाबासाहेबांनी 1942 साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात आपल्या मुलांसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाला सरकारने पैसा द्यावा असा आग्रह धरला होता. दोघांनीही यंत्राला किंवा मातीला नावे ठेवली नाहीत. त्यांचा आग्रह होता की आपला माणूस तिथे ज्ञान घेऊन उभा राहावा, आणि बाबासाहेबांची मागणी तर थेट वरच्या पायरीची होती.

शाळा आणि बापाचा धंदा यांची गाठ घातली की काय होते, हे मद्रास राज्याने पाहिले आहे. 1953 साली राजाजींनी प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापाचे काम शिकावे अशी योजना आणली. लोकांनी तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाच्या धंद्याचे शिक्षण, असे नाव दिले. पेरियार आणि द्रमुक रस्त्यावर उतरले. 1954 साली राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि कामराजांनी ती योजना गुंडाळली.

आजचे धोरण तसे नाही, असे सांगितले जाते. कागदावर फरक आहे हे मीही मान्य करतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या सगळ्याच मुलांना सुतारकाम, विजेचे काम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम यांची ओळख करून द्यावी असे म्हटले आहे. दहा दिवस दप्तराविना गावातल्या कारागिरांकडे काम शिकायचे, अशीही कल्पना आहे. सगळी मुले खरोखर जाणार असतील तर मी स्वागतच करीन. डॉक्टरच्या मुलाने दहा दिवस कुंभाराच्या चाकावर बसावे, चांगलेच आहे.

पण त्याच सरकारच्या इतर पावलांकडेही बघावे लागते. 2016 च्या बालमजुरी कायद्याच्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलाला शाळेनंतर कुटुंबाच्या धंद्यात मदत करण्याची मोकळीक दिली. 2023 साली आलेल्या विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी असे 18 धंदे आहेत, आणि पिढीजात कौशल्याची गुरु-शिष्य परंपरा बळकट करणे हा तिचा जाहीर हेतू आहे. ती शाळकरी मुलांसाठी नाही, वयाची अट 18 आहे. पण पोरगा कॉलेजात जायच्या वयातच त्याला बापाच्या धंद्याचे आमिष दाखवले जाते. कुटुंबाच्या पिढीजात धंद्याच्या याच अटीवर आक्षेप घेऊन तमिळनाडू सरकारने 2024 साली ती योजना आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला. मद्रासची आठवण त्यांना आहे. आपल्याला आहे का?

हे सगळे त्या ताईंना विहाराच्या पायरीवर सांगून उपयोग नव्हता. त्यांना मुलाचा अर्ज भरायचा होता. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत शाळेत गेलो. मॅडमना तीन गोष्टी विचारल्या. या विषयाला कोणाकोणाची मुले दिली? हा विषय घेतला तर गणित, विज्ञान, इंग्रजी तेवढ्याच तासांचे राहणार का? आणि दहावीनंतर आयटीआय, पॉलिटेक्निक, अकरावी विज्ञान यांपैकी कोणकोणत्या वाटा उघड्या राहतील, हे मुलाला कोण सांगणार?

मॅडम वाईट नव्हत्या. पोरगा शाळा सोडेल या काळजीनेच त्यांनी सुचवले होते. त्यांनी यादी काढली, वरून खाली बोट फिरवले आणि थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, मी असं कधी बघितलंच नव्हतं." मी म्हणालो, "मॅडम, आमच्या वेळीही कोणी बघितलं नव्हतं."

मग आम्ही पोरालाच विचारले. तोवर त्याला कोणीच विचारले नव्हते. तो म्हणाला, "मले मोटार बांधाले आवडते. पण गणित सोडाचं नाही." पोराचं पुस्तकात मन लागत नाही म्हणे!

त्याने विषय घेतला. आता विहारातल्या अभ्यासिकेत मंगळवार आणि शुक्रवारी संध्याकाळी आम्ही नववी-दहावीच्या गणिताचा वर्ग चालवतो. एक निवृत्त शिक्षक शिकवतात. मी बाजूला एक व्हाइस आणि दोन कानशी ठेवल्या आहेत. काटकोन कळला नाही की पोरगा उठून तिथे जातो.

ज्यांच्या वस्तीत अशी यादी वाचली जात असेल, त्यांनी शाळेत जाऊन वरचे तीन प्रश्न विचारावेत. यादीत सगळ्या समाजाची मुले असतील, गणित शाबूत असेल आणि पुढच्या वाटा उघड्या असतील, तर पोराच्या हाती खुशाल कानस द्या. यादीत फक्त आपलीच पोरे असतील, तर ते व्यवसाय शिक्षण नव्हे. ती जुनीच वाटणी आहे, नव्या गणवेशातली. आणि तिथे मुकाट्याने सही करायची नाही.

जयभीम!