वाढ आमच्यामुळे झाली, हे मी कशावरून म्हणाले?

पालघरच्या पाड्यांवरच्या काही अंगणवाड्यांसाठी आम्ही एक कार्यक्रम आखला होता. गोष्टी, बडबडगीतं, ठोकळे आणि दर आठवड्याला गृहभेट. मूल्यमापन माझ्याकडे होतं. पहिल्या चाचणीत सगळ्यात मागे पडलेली मुलं मी निवडली आणि वर्षाअखेरीस तीच चाचणी पुन्हा घेतली. गुण भरपूर वाढले होते. ही वाढ आमच्या कामामुळेच झाली, असं मी देणगीदारांना ठासून सांगितलं.

तसं सांगण्याचा मला अधिकार नव्हता. तीन वर्षांचं मूल वर्षभरात चार वर्षांचं होतं. कुणी काही शिकवलं नाही तरी त्याचे शब्द वाढतात, हात वळतो. शिवाय पहिल्या दिवशी तापानं मलूल असलेलं किंवा परक्या बाईला बुजलेलं मूलही मागे पडलेलं दिसतं, आणि पुढच्या खेपेला त्याचे गुण आपसूक वाढतात. सगळ्यात कमी गुणांचीच मुलं घेतली, की ही फसवी वाढ हमखास येते. हे मी शिकलेली होते. तरी तुलनेसाठी एकही अंगणवाडी घेतली नाही, कारण मुलांना वगळून नुसतं मोजणं मला अन्यायाचं वाटे. खरं तर वगळलेली मुलं होतीच. शेजारच्या पाड्यापर्यंत आमचा निधी पोचत नव्हता. तिथल्या सेविकाताई एका बैठकीत म्हणाल्या, “मॅडम, आमच्याकडे तुमचं काही नाही, पण आमची पोरंपण आता घडाघडा बोलतात.” मी ते टिपूनसुद्धा घेतलं नाही.

पुढे खर्च कापायची वेळ आली, तेव्हा कशाचा उपयोग होतो हे मला सांगता येईना. गृहभेटी महाग, म्हणून त्या बंद झाल्या.

जमैकात किंग्स्टनला सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ बालकांचे चार गट केले होते. एकाला पूरक आहार, एकाला घरी येऊन आईसोबत खेळ घेणारी कार्यकर्ती, एकाला दोन्ही, एकाला यातलं काहीच नाही. वीस वर्षांनी गृहभेटी मिळालेल्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. आहाराचा तसा परिणाम दिसला नाही. तुलनेचा गट होता म्हणूनच हे कळलं. आम्ही मात्र गृहभेटी न तपासताच बंद केल्या होत्या.

सगळ्या पाड्यांना पुरेल इतका निधी पहिल्या वर्षी कुणाकडेच नसतो. तेव्हा आधी कुणाला आणि पुढच्या वर्षी कुणाला, हे गावकऱ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवा. थांबलेल्या पाड्यांतली मुलंही मोजा, आणि चाचणी शिकवणाऱ्या बाईंकडून घेऊ नका. हे सगळं कार्यक्रम सुरू होण्याआधी करा; नंतर ते करता येत नाही.