किसमी आणि कोयता

फेब्रुवारीत तेलगावला मळीचा वास येतो. बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे दोन रस्ते जिथं एकमेकांना कापतात, त्या चौकात एसटीतून उतरलेला पाहुणा आधी नाकाला रुमाल लावतो आणि मग पत्ता विचारतो. आम्हाला तो वास आता जाणवतही नाही. उलट हंगाम संपून कारखान्याची चिमणी गार झाली की घरातलं कुणीतरी गावाला गेल्यासारखं वाटतं. तर अशा वासात, रात्री साडेदहाला, मी वाफेवर चॉकलेट वितळवत होते, आणि झाकणावरून पाण्याचा एक थेंब त्यात पडला.

एकच थेंब. आरशासारखं चकाकणारं चॉकलेट बघता बघता आळलं, रवाळ झालं आणि ओल्या मुरमासारखं चमच्याला लटकलं. दोनशे ग्रॅम डार्क कंपाउंड, तेही बीडहून आणलेलं. त्याआधी मागवलेलं पार्सल आठ दिवस भलतीकडंच फिरलं होतं, कारण तेलगावचं तळेगाव करणं ही कुरिअरवाल्यांची जुनी सवय. माझं चॉकलेट तळेगाव दाभाड्याला जाऊन आलं. त्या तळेगावच्या शेजारी इंदोरीला कॅडबरीचा कारखाना आहे. बिचारं माहेरी जाऊन आलं म्हणायचं. परत आलं तेव्हा त्यावर पांढरी बुरशी चढल्यासारखं दिसत होतं. ती बुरशी नसते, उन्हानं सुटलेली चरबी वर येऊन थिजलेली असते, पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि मी ते कोंबड्यांच्या उकिरड्यावर टाकलं.

१४ फेब्रुवारी आमच्याकडे हंगामाच्या बरोबर पोटात येतो. नवरा इथल्या सुंदररावजी सोळंके कारखान्यात पॅनमन आहे. गाळप चालू असताना कारखाना रात्रंदिवस चालतो, त्यामुळं लग्नाला बारा वर्षं झाली तरी या दिवशी आम्ही दोघं कधी कुठं गेलेलो नाही. तो पाळीवर असतो, नाहीतर पाळीवरून येऊन झोपलेला असतो. म्हणून मी ठरवलं होतं, तो रात्री घरी येईल तेव्हा डबीत ट्रफल असतील. भट्टी नको, ओव्हन नको, चॉकलेट वितळवायचं, त्यात गरम साय मिसळायची, थंड झालं की गोळ्या वळायच्या आणि कोकोत घोळायच्या. सोपं, असं सगळेच म्हणतात.

तो आला तेव्हा मी कढईकडं बघत बसले होते. त्यानं हातही धुतले नाहीत. चिमूटभर घेऊन बोटात चोळलं, ट्यूबलाईटखाली धरलं आणि म्हणाला, "फॉल्स ग्रेन धरलाय."

त्याचं कामच ते. उसाचा आटवलेला रस बंद पॅनमध्ये, आतली हवा ओढून घेऊन उकळतात, म्हणजे तो साठ-सत्तर अंशांवरच उकळतो आणि साखर करपत नाही. त्या रसात दाणा कधी धरायला लागला, किती मोठा झाला, हे पॅनमन काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन उजेडात बघतो. कधी कधी नको असलेले बारीक दाणे मधेच धरतात. त्यांना फॉल्स ग्रेन म्हणतात. मग गरम पाणी सोडून ते विरघळवायचे आणि काम पुढं न्यायचं.

"अहो, पाण्यानंच तर घात केलाय," मी म्हणाले.

"कमी पडलं म्हणून. घाल अजून."

मला हे पटायला वेळ लागला. चॉकलेटात पाणी जवळजवळ नसतंच. साखरेचे आणि कोकोचे बारीक कण चरबीत सुटे सुटे असतात. थेंबभर ओल मिळाली की साखर चिकट होते आणि सगळे कण एकमेकांना धरून बसतात. तेच पाणी भरपूर मिळालं तर साखर त्यात विरघळते आणि गाठ सुटते. थोड्यानं बिघडतं ते जास्तीनं सुधारतं, असं दुसरं काही मला स्वयंपाकघरात तरी आठवत नाही. शंभर मिलिलिटर साय गरम करून चमच्या-चमच्यानं घातली, वर दोन डाव कोमट दूध. पहिले चार-पाच चमचे काही झालं नाही. मग एकदम ते सैल झालं आणि पुन्हा चकाकलं. तो तोवर हात धुवायला गेला होता. आता मात्र ते फार पातळ झालं होतं.

पातळ झालं म्हणून मला बिस्किटं आठवली. अंबाजोगाईला कॉलेजात असताना हॉस्टेलच्या खोलीत शेगडी लावायला बंदी होती. आम्ही चौघी. ९ फेब्रुवारीला चॉकलेट डे असतो हे आम्हाला वर्तमानपत्राच्या पुरवणीनं शिकवलेलं. मारी बिस्किटं ओढणीत बांधून पितळी तांब्यानं कुटली, त्यात अर्धा डबा मिल्कमेड, तीन चमचे कोको, लोण्याचा गोळा, आणि वळून खोबऱ्याच्या किसात लोळवले. नाव काय, तर ट्रफल. फ्रान्स-इटलीत जमिनीखाली ट्रफल नावाचं महागडं अळंबं उगवतं, कुत्री ते हुंगून काढतात, आणि कोकोत घोळलेली चॉकलेटची गोळी मातीतून काढलेल्या त्या अळंब्यासारखी दिसते म्हणून हे नाव. आमचे तर खोबऱ्यानं पांढरे झाले होते. जिच्यासाठी केले तिनं ते ज्याला द्यायचे त्याला दिलेच नाहीत. रात्री बाराला चौघींनी बसून संपवले. मला ते खाताना राहून राहून वाटत होतं की ही चव आपण कधीतरी खाल्लीय. चॉकलेटची नाही, त्या दाताखाली येणाऱ्या चुऱ्याची.

ती मलिद्याची होती. माय आणि अण्णा दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जायचे आणि पाडव्याच्या आसपास परत यायचे. मी आज्जीजवळ. आज्जी शिळी चपाती कुस्करून त्यात गूळ, असेल तर तूप घालून लाडू वळायची. दोन वर्षं मीही त्यांच्याबरोबर गेले, कोल्हापूरच्या बाजूला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल कोयत्याला मिळते, हिशेब कोयत्याचा. टोळीत माणसं किती, असं कुणी विचारत नाही, कोयते किती असं विचारतात. एकटं माणूस आलं तर तो अर्धा कोयता. लग्न म्हणजे काय याची ही व्याख्या मी सातव्या वर्षी ऐकली आणि मला ती अगदी बरोबर वाटली.

सुट्टीला तिथं खाडा म्हणतात. खाडा झाला की पैसे कापले जातात, आणि कोयता एकच, म्हणून आमच्या टोळीत एकजण पडला तरी खाडा दोघांचा धरायचे. एकदा मायला ताप होता. ती तशीच फडात आली. पहाटेचे चार वाजले असतील, थंडीनं पाचट ओली झाली होती. अण्णांनी कोपीतून येताना एक फडकं आणलं. त्यात बाजरीच्या गरम भाकरीचा नि गुऱ्हाळावरच्या ताज्या गुळाचा मलिदा होता. त्यांना लाडू वळता येत नव्हता. पाचटीनं चिरलेल्या बोटांनी दाबून दाबून त्यांनी एक वेडावाकडा गोळा केला होता आणि तो मायच्या हातात जाईपर्यंत फुटला. मायनं चुरा तोंडात टाकला. म्हणाली, "मीठ पडलंय की ह्यात." आणि फडक्याला चिकटलेला कणसुद्धा ठेवला नाही.

हंगाम संपवून येताना अण्णा माझ्यासाठी किसमी आणायचे. पार्लेची ती वेलचीच्या वासाची टॉफी. वेष्टनावर एक जोडपं असायचं, ते काय करतंय याकडं आमचं लक्ष नव्हतं. अण्णा चौकातल्या दुकानात मोठ्यानं म्हणायचे, "एक किसमी द्या." साऱ्या गावाचा तो शब्द होता, किसमिससारखा काहीतरी. आठवीत इंग्रजीचा तास सुरू असताना त्याचा अर्थ मला एकदम लागला आणि मी कानापर्यंत लाल झाले. अण्णांना तो मी कधी सांगितला नाही. माय तर अजूनही सर्दी झाली की विचारते, "किसमी हाय का गं एखांदी?"

अण्णा जाऊन चार वर्षं झाली. माय माझ्याकडंच असते.

बिस्किटांचा चुरा घातल्यावर मिश्रण जरा आवरलं, पण तेवढ्यात लाईट गेली. फ्रिज बंद. फेब्रुवारीतल्या रात्री आमच्याकडे अजून गार असतात, म्हणून परातीत माठातलं पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवलं आणि अंगणात नेलं. तासाभरानं वळायला घेतलं तर हाताला नुसता लगदा. कोकोची चरबी चौतीस अंशांच्या आसपास वितळते. आपलं अंग सदतीस. म्हणून तर चॉकलेट तोंडात विरघळतं, आणि म्हणूनच तळहातावर टिकत नाही. माझ्याजवळचं कंपाउंड, त्यात दुसरी वनस्पतीजन्य चरबी असते, पण तेही काही ऐकेना. मलिद्याचं उलटं, तो गरम असतानाच वळावा लागतो. बॅटरीच्या उजेडात मी कोपरापर्यंत माखून बसले होते. नवरा ओट्यावर बसल्या बसल्या पेंगत होता.

"काय करायलीस गं एवढ्या रात्री?" माय उठून आली होती.

सांगितलं. तिनं पदर खोचला, परातीतल्या पाण्यात हात बुडवून पुसले आणि माझ्या हातातून पातेलं घेतलं. तिच्या तळहातावर कोयत्यानं पाडलेले घट्टे आहेत, तीस हंगामांचे. त्या जाड कातडीतून अंगाची ऊब चॉकलेटपर्यंत पोचतच नसावी. गोळी वळायची, कोकोच्या ताटात टाकायची, दुसरी. एकही वितळली नाही. सगळ्या एका मापाच्या. पंधरा मिनिटांत पातेलं निपटलं. नवरा जागा झाला, तेव्हा मी त्याच्या तोंडात एक घालणार तोच माय म्हणाली, "थांब, मोजू दे आधी."

बॅटरी तिच्याकडं धरली. ती ताटात दोन-दोन गोळ्या एकमेकींजवळ सरकवत मोजत गेली.

"बारा कोयते," ती म्हणाली. ताटाच्या कडेला एक गोळी उरली होती. तिनं ती उचलली, कोको झटकला. "आन् ह्यो अर्धा." मग ती तोंडात टाकून, गालात धरून, आपल्या अंथरुणाकडं गेली.