तुर्की गाठ

दुकानदाराचा अपमान सोसायचं शिक्षण आपल्याकडे लहानपणीच पुरं होतं. 'हात लावू नका' आणि 'घ्यायचं असेल तरच काढतो' या दोन वाक्यांवर माझी पिढी पुण्यात वाढली. त्यामुळे दुकानदार खेकसला की आपण निर्धास्त असतो. तो गोड बोलला की मात्र पंचाईत होते. सवयच नाही!

इस्तंबूलच्या 'कापाली चार्शी'त, म्हणजे झाकलेल्या बाजारात, याची प्रचीती येते. 1453 साली शहर जिंकल्यावर सुलतान दुसरा मेहमेद याने हा बाजार उभारायला घेतला. आज त्यात साठेक गल्ल्या आणि चार हजारांच्या आसपास दुकानं आहेत, आणि दारोदार एकेक हसतमुख गृहस्थ उभा असतो. आमच्या वाट्याला आलेल्या गृहस्थाने हिला पाहून "शाहरुख खान!" अशी आरोळी ठोकली आणि माझ्याकडे वळून तो "राज कपूर!" म्हणाला. 1951 चा 'आवारा' तुर्कस्तानातही तुफान चालला होता हे खरं. पण आम्हां दोघांच्या वयात त्याने धरलेलं अंतर मला रुचलं नाही. हिला दुकान एकदम पसंत पडलं.

आत बसतो न बसतो तोच चहा आला. ट्यूलिपच्या आकाराचे चिमुकले पेले, दुधाचा पत्ता नाही, बशीत साखरेचे दोन चौकोनी तुकडे. मराठी मध्यमवर्गीय माणूस चार शब्द ऐकून दुकानातून रिकाम्या हाताने निघेल. पण चहा पिऊन? छे!

मग गालिचे उलगडू लागले. "तुर्की गाठ दुहेरी असते," तो इंग्रजीत समजावत होता, "दोन उभ्या धाग्यांना वेढा घालते. एकदा बसली की सुटत नाही." ते तर मला दिसतच होतं. किंमत फक्त अडीच हजार डॉलर. शिवाय घरपोच. आमच्या हॉलमध्ये तो गालिचा अंथरायचा तर सोफा गॅलरीत काढावा लागला असता. "पण तुम्ही माझे मिसाफिर!" तो छातीवर हात ठेवून म्हणाला. हा आपलाच मुसाफिर. आपल्याकडे प्रवासी, तिकडे पाहुणा. आता पाहुण्याने 'परवडत नाही' म्हणायचीही चोरी!

दुसरा चहा आला. मी मनातल्या मनात डॉलरचे रुपये करत होतो, तेवढ्यात हिने पर्स उघडली. त्याचे डोळे लकाकले, माझे पांढरे झाले. पर्समधून निघाली बाकरवडी.

"घ्या हो, संकोच करू नका," ही चक्क मराठीत म्हणाली. त्याने एक खाल्ली, डोळे मिटले, आणि आणखी तीन खाल्ल्या.

"चहा त्यांचा, खाऊ आपला," ही माझ्या कानाशी पुटपुटली. "आता मिंधेपणा कसला? हिशेब फिटला."

तुर्कीत हिशेबाला 'हेसाप' म्हणतात. तेवढा शब्द त्याने बरोबर टिपला. तो खळखळून हसला, गालिचा गुंडाळायची खूण पोऱ्याला केली आणि पुड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हाउ मच?"

पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता. हिने अर्धा पुडा त्याच्या बशीत रिकामा केला आणि उरलेल्याला रबरबँड लावून पर्समध्ये टाकला.

"देऊन टाकायचास की सगळा," बाहेर आल्यावर मी उदार झालो.

"वा! अजून दोन दिवस इथेच आहोत," ही म्हणाली. "आणि दुकानं चार हजार आहेत म्हणताय ना?"