ताशी ३०० किमी, आणि डोक्यावर हेल्मेट!

अमेरिका फिरून आलेल्यांच्या फोटोंत नायगारा असतो, ग्रँड कॅन्यन असते, व्हेगासचा झगमगाट असतो. मन्सी कुणाच्याच फोटोत नसतं. इंडियाना राज्यातलं हे छोटंसं शहर, इंडियानापोलिसपासून ९० किलोमीटरवर. चहूबाजूंनी मका आणि सोयाबीन. ‘बॉल’ नावाच्या काचेच्या बरण्या एकेकाळी इथे बनायच्या आणि टीव्हीवाला डेव्हिड लेटरमन इथल्याच बॉल स्टेट युनिव्हर्सिटीत शिकला. झालं, ओळख संपली! पण ज्यांना मॉडेल विमानांचं वेड आहे, त्यांच्यासाठी मन्सी म्हणजे पंढरपूर.

आणि मराठी माणसाला ते वाटतं तेवढं लांबही नाही. पुण्याच्या कमिन्समधून कोलंबसला गेलेलं कुणी ना कुणी आपल्या ओळखीत असतंच. ते कोलंबस इंडियानातलंच. तिथून गाडीने पावणेदोन तास.

१९३६ मध्ये सुरू झालेल्या ‘अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स’ या संस्थेने नव्वदच्या दशकात आपलं बिऱ्हाड इथे हलवलं. जागा किती, तर हजार एकरांहून जास्त. आपलं शिवाजी पार्क साधारण २८ एकरांचं. म्हणजे पस्तीसेक शिवाजी पार्क, फक्त खेळण्यातल्या विमानांसाठी! एवढी जागा कशाला लागते, हे पायलन रेस बघितल्याशिवाय कळत नाही.

मैदानात तीन खांब, लांबट त्रिकोणात. जागतिक स्पर्धांच्या एफ३डी गटात त्रिकोणाच्या दोन बाजू १८० मीटरच्या आणि एक ४० मीटरची. एक फेरी ४०० मीटर, अशा दहा फेऱ्या. पायलट जमिनीवर, हातात रिमोट. त्याच्या खांद्याशी उभा असतो त्याचा कॉलर (शर्टाची नव्हे, हाक मारणारा). लांबच्या खांबापाशी विमान नेमकं कधी पोहोचलं हे पायलटला तिरक्या कोनातून समजत नाही. तिथून खूण येते, कॉलर ओरडतो, पायलट वळवतो. वळायला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला की विमान चाळीसेक मीटर पुढे निघून गेलेलं असतं. आणि लवकर वळलात तर खांब ‘कट’, म्हणजे दंड. अख्खी रेस मिनिटभरात आटोपते. मॅगीसुद्धा होत नाही तेवढ्यात!

हवेत एक वास असतो. ओळखीचा, पण पटकन आठवत नाही. मग ट्यूब पेटते... एरंडेल! या छोट्या इंजिनांच्या मिथेनॉलच्या इंधनात वंगण म्हणून एरंडेल घालतात. आजीने नाक दाबून पाजलेलं तेच तेल इथे मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे घेणाऱ्या इंजिनातून धूर होऊन बाहेर पडतं.

आता थोडं गणित. अमेरिकेतल्या क्यू-४० गटातलं विमान साधारण पावणेदोन किलोचं असतं आणि ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातं. ताशी १५० किलोमीटरने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूशी तुलना केली, तर त्यात चाळीसपट ऊर्जा असते. या वेगाने २५ मीटर त्रिज्येचं वळण घेतलं, तर पंखांवर वजनाच्या अठ्ठावीसपट ताण येतो. एखादा सांधा कच्चा राहिला असेल तर तो तुटतो तो नेमका इथे, आणि पुढचं तुकड्यांनाच ठाऊक. शिवाय हवेत एकाच वेळी चार विमानं, तीही एकमेकांच्या शेपटीवर.

म्हणून कोर्सवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं. रिमोटवरून इंजिन बंद करता आलंच पाहिजे, सिग्नल तुटला की विमानाने स्वतःच गप्प व्हायचं. पूर्वी रेडिओ चॅनेलची भानगड असायची. तुमचं विमान हवेत असताना दुसऱ्याने त्याच चॅनेलवर रिमोट चालू केला, की तुमचं विमान कोसळलंच म्हणून समजा. त्यामुळे रिमोट जमा करून घ्यायचे, नंबर लिहिलेला चिमटा असेल त्यालाच उडवायची परवानगी. २.४ गिगाहर्ट्झचे सेट आले आणि ती कटकट गेली. प्रेक्षकांना मात्र आजही बरंच मागे बसवतात. खरं सांगायचं तर थोडा विरसच होतो. पाहायला जायचं विमान आणि दिसतो ठिपका!

पण मागे का बसवतात, हे ज्यावरून हा खेळ आला त्या खऱ्या विमानांच्या रेसकडे पाहिलं की कळतं. नेवाडातल्या रेनोला १९६४ पासून या रेस व्हायच्या. १६ सप्टेंबर २०११ ला तिथे ‘गॅलपिंग घोस्ट’ हे पी-५१ मस्टँग विमान प्रेक्षकांजवळ कोसळलं. पायलट आणि दहा प्रेक्षक गेले. २०२३ च्या रेसमध्ये दोन विमानांची टक्कर होऊन दोन पायलट गेले. ते रेनोचं शेवटचंच वर्ष होतं. २०२५ मध्ये रेस न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलला गेली.

म्हणजे सुरक्षा हवी तर मजा सोडा, असं आहे का? मला विचाराल तर उलटं आहे. क्यू-४० बघताना तोंडाचा आ होतो, पण नाव विचारलंत तर कोण पुढे होतं हे सांगता येत नाही. धमाल येते ती हळू गटांत. ‘क्विकी ५००’ नावाचा गट आहे, चौकोनी पंखांची साधी विमानं, त्यात वेगाला लगाम घातलेले उपगट. ईएफ१ गटात विमानं बॅटरीवर उडतात. काही क्लब तर याहून पुढे जाऊन सगळ्यांना एकच विमान, एकच इंजिन ठरवून देतात. मग पैसे ओतून जिंकता येत नाही, चार विमानं शेवटच्या फेरीपर्यंत नाकाला नाक लावून राहतात आणि नवखा पोरगाही सिनियर काकांना घाम फोडतो. हेल्मेट तिथेही असतंच. पण विमान पडलं तर खर्च कमी आणि पुढच्या शनिवारी पठ्ठ्या पुन्हा हजर!

हे वाचून गच्चीवरून काही उडवायचा विचार असेल, तर जरा थांबा. आपल्याकडे २०२१ चे ड्रोन नियम आहेत आणि डिजिटल स्कायच्या नकाशावर हिरवे, पिवळे, लाल पट्टे. सांताक्रूझ आणि जुहू, दोन्ही विमानतळ मुंबईच्या पोटातच असल्यामुळे शहरात बराच भाग असा, की परवानगीशिवाय उडवायचं नाव नको. शहराबाहेरचा मोकळा माळ आणि सोबत एखादा जाणता मित्र, हीच सुरुवात.

मन्सीला जायचं तर उन्हाळ्यात, राष्ट्रीय स्पर्धा असतात तेव्हा जा. पायलन रेसचे दिवस आधी बघून घ्या, कारण इतर दिवशी ग्लायडरही असतात आणि ते काही आवाज करत नाहीत. टोपी, कानाला बोळे आणि दुर्बीण हवीच, सावली फारशी नाही. आवारातलं मॉडेल विमानांचं म्युझियम दुपारच्या उन्हात बघा, एसी आहे. आणि दोरीच्या पुढे जाऊन सेल्फी काढायला जाऊ नका, कुणीतरी माइकवरून तुमच्या शर्टाच्या रंगासकट हाक मारेल.