जेन दोब्री, आजी!

कामानिमित्त सप्टेंबरमध्ये दोन आठवडे पोलंडची राजधानी वॉर्सा इथे होते. पहिल्याच सकाळी हॉटेलजवळच्या बेकरीत शिरले, तर काउंटरमागची बाई हसून म्हणाली, "जेन दोब्री!" मी दारातच थबकले. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, आमच्या बडोद्याच्या घरात. आजी आम्हा नातवंडांना उठवताना "जिंडोबरी, जिंडोबरी" म्हणायची. आम्हाला वाटायचं, असेल काहीतरी तिच्या माहेरचं, कोल्हापूरकडचं. पोलिशमध्ये त्याचा अर्थ 'शुभ दिवस', म्हणजे आपला नमस्कारच.

शनिवारी सुट्टी होती. जुनं शहर पाहायला निघाले. सुरुवात राजवाड्यासमोरच्या चौकातून केली. मधोमध राजा झिगमुंट तिसरा याचा १६४४ सालचा उंच स्तंभ आहे. खरी गंमत मात्र राजवाड्याच्या बाजूला आहे. तिथे जुन्या स्तंभाचे मोडके खांब गवतावर आडवे ठेवलेत. १९४४ मध्ये युद्धात स्तंभ पडला, १९४९ मध्ये नव्या खांबावर पुन्हा उभा राहिला.

पुढे बाजारचौकात गेले. रंगीत, उंच, एकमेकांना चिकटलेली घरं, मध्ये तलवार उगारलेल्या जलपरीचा पुतळा. सगळं तीन-चारशे वर्षांपूर्वीचं वाटतं, पण बहुतेक घरांचं वय आपल्या आजी-आजोबांपेक्षाही कमी! ऑगस्ट १९४४ मध्ये वॉर्साच्या लोकांनी जर्मन सैन्याविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला. तो मोडल्यावर जर्मनांनी उरलेलं शहर पद्धतशीर जाळलं, सुरुंग लावून पाडलं. जुन्या शहराचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग नष्ट झाला.

मग हे पुन्हा उभं राहिलं कसं? युद्धाआधी इथल्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी जुन्या इमारतींची मापं घेऊन नकाशे काढले होते. युद्धात ते शहराबाहेर एका मठात लपवले गेले आणि वाचले. शिवाय अठराव्या शतकातला दरबारी चित्रकार बेलोत्तो याने रस्त्यारस्त्यांची बारीक चित्रं काढून ठेवली होती. ती आज राजवाड्यातल्या खास दालनात पाहायला मिळतात. त्याने कुठे कुठे पदरचीही भर घातली होती, म्हणे. तरीही त्यांचा उपयोग झाला. बाजारचौक १९५३ पर्यंत उभा राहिला. राजवाड्याला लोकवर्गणी जमली आणि तो १९८४ मध्ये खुला झाला. १९८० मध्ये युनेस्कोने या पुन्हा बांधलेल्या शहराला जागतिक वारसा म्हटलं. चौकातली ओळीने असलेली घरं आतून जोडून शहराचं संग्रहालय केलंय. तेही चुकवू नका. जवळच फ्रेता रस्त्यावर मेरी क्युरी जन्मली ते घर आहे.

तिथून चालत क्रासिन्स्की बागेपाशी गेले. मोन्ते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ एक फलक आहे. त्याच्यावर नाव वाचलं, वळिवडे-कोल्हापूर. परक्या देशात, इतक्या लांब!

१९४०-४१ मध्ये सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सायबेरिया, कझाकस्तानात हाकललं होतं. सुटका झाल्यावर त्यातले काही इराणमार्गे भारतात आले. शेकडो मुलांना जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीत आसरा दिला. वॉर्सात त्यांच्या नावाचा चौक आहे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकंही व्हायची.

आजीचं माहेर वळिवड्याजवळचं. तिचे वडील छावणीत भाजी घालायचे. गोऱ्या बायका भाजी घेताना काय बोलायच्या, हे ती साभिनय सांगायची. आम्ही मोबाइलमधून मान वर न करता "हो गं आजी" म्हणायचो. एकदा मी चक्क म्हटलं होतं, "आजी, खेड्यात कुठले आलेत पोलंडवाले?" ती काही बोलली नाही, उठून आत गेली. गेल्या दोन वर्षांत तिला विसर पडायला लागला. आता बाबांनाही ती कधी कधी भाऊ समजते.

फलकापाशी उभी राहून व्हिडिओ कॉल लावला. इथे दुपारचे चार, बडोद्यात साडेसात, देवापाशी दिवा लागलेला. आईने फोन आजीसमोर धरला. मी म्हटलं, "आजी, जेन दोब्री!"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग ठसक्यात म्हणाली, "जिंडोबरी, जिंडोबरी! भाजी ताजी आहे, घ्या." आणि हसली. मी म्हटलं, "आजी, तू खरं सांगत होतीस. मी आज पाहिलं." तिने थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, "तू कुणाची गं?"

परत आल्यापासून रोज संध्याकाळी फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तिच्याजवळ बसते. कधी एखादं वाक्य मिळतं, कधी काहीच नाही. वॉर्साच्या लोकांनी शहर पडायच्या आधी मापं घेऊन ठेवली होती. मला उशीर झाला. तुमच्या घरी अजून कुणी सांगणारं असेल, तर आजच जाऊन बसा.