माहूरच्या पायऱ्या, अण्णांचं ‘पित्त’ आणि आपल्या भागातल्या चालण्याच्या जागा

हदगावच्या माझ्या ओपीडीत रोज किमान दहा जणांना मी ‘चालत जा’ म्हणून सांगते आणि त्यातले निम्मे तरी मला उलटा प्रश्न विचारतात, “चालायचं कुठं, मॅडम? हायवेवर ट्रक, गल्लीत कुत्रे. आणि शेतात तर आम्ही दिवसभर असतोच की!” प्रश्न चुकीचा नाही. आपल्याकडे बाग नाही, ट्रॅक नाही. पण मागच्या आठवड्यात बीपीच्या गोळ्या घेणारे एक आजोबा वेगळंच विचारायला आले. “बाई, नवरात्रात माहूरला जायचं म्हणते बायको. पायऱ्या चढू का नको?” मी पेन खाली ठेवला. या प्रश्नाचं उत्तर मी एकदा माझ्याच घरात चुकवलेलं आहे, आणि ते तुम्हाला सांगायलाच हवं.

माझे वडील, अण्णा, निवृत्त शिक्षक. इतिहास शिकवायचे. बारा वर्षांपासून बीपी, शुगर काठावर, तंबाखू पन्नाशीत सोडलेली. त्या वर्षी डिसेंबरमध्ये आम्ही उमरखेडमार्गे माहूरला निघालो. पहाटेची थंडी, वाटेत थांबून गरम भजी आणि चहा, आणि पोचल्या पोचल्या रेणुकामातेच्या पायऱ्या.

माहूरबद्दल वेगळं सांगायला नको. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. शेजारी दत्तशिखर आणि अनसूयेचं शिखर, एका अंगाला रामगड, आजूबाजूला पैनगंगा अभयारण्याचं सागवानी जंगल. अण्णांना यातलं सगळ्यात प्रिय म्हणजे रायबागन. माहूरची देशमुखीण सावित्रीबाई, मुघलांच्या बाजूनं लढलेली बाई, जिला औरंगजेबानं ही पदवी दिली. उंबरखिंडीत 2 फेब्रुवारी 1661 ला कारतलबखान शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडला, तेव्हा शरण जा असा शहाणपणाचा सल्ला त्याला देणारी हीच. अण्णा ही गोष्ट शाळेत एका तासात संपवायचे. त्या दिवशी मात्र ती संपेचना. वीस-पंचवीस पायऱ्या चढल्या की थांबायचे, कठड्याला हात टेकून आमच्याकडे वळायचे आणि म्हणायचे, “हं, तर कारतलबखान घाटात शिरला...” परत थोड्या पायऱ्या, परत तेच. नातवंडं वैतागली. मला वाटलं, मास्तरांना वर्ग मिळाला आहे, रंगलेत.

चौथ्या थांब्याला ते गोष्ट सांगायचं विसरले. हात छातीच्या मधोमध, बरगड्या संपतात तिथं. एक ढेकर दिली. “काही नाही बाई, पित्त. भजी बाधली.” जबड्यात जरा ओढल्यासारखं होतंय, असंही म्हणाले. पाच मिनिटं बसले आणि सगळं थांबलं. मी पर्समधून पित्ताचं पातळ औषध काढून दिलं. मी डॉक्टर आहे, रोज छातीत दुखणारे पेशंट बघते, आणि वडिलांना मी पित्ताचं औषध दिलं. आम्ही वर जाऊन दर्शनही घेतलं. वर पोचेपर्यंत ते आणखी दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला बरे झाले.

हे ‘थांबलं की बरं वाटतं’ फार फसवं असतं. आपण म्हणतो, हृदयाचं असतं तर थांबलं कसं? खरं तर चाललं की येतं आणि थांबलं की जातं, हीच हृदयाच्या दुखण्याची खूण आहे. पित्ताला तुम्ही कितव्या पायरीवर आहात याचं काही पडलेलं नसतं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या रानात ठिबक आहे, म्हणून ठिबकच्या भाषेत सांगते. क्षार साचून लॅटरल अर्धी बुजली तरी हिवाळ्यात पीक हिरवंच दिसतं, कारण त्याला पाणी कमीच लागतं. मे महिन्यात गरज वाढते आणि त्याच ओळीतली झाडं माना टाकतात. हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर साचून ती अरुंद झाली, तरी बसून असताना पुरेल इतकं रक्त जातं. पायऱ्या चढताना दर पावलाला सगळं वजन वर उचलावं लागतं, ठोके वाढतात, हृदयाच्या स्नायूला जास्त रक्त लागतं आणि ते मिळत नाही. मग दडपण येतं. याला आम्ही अंजायना म्हणतो. थंडी आणि भरलं पोट यांनी ते लवकर येतं. आम्ही त्या दिवशी दोन्ही सोबत घेऊन गेलो होतो.

हे दुखणं सिनेमातल्यासारखं डाव्या छातीत कळ येऊन येईलच असं नाही. पेशंट ‘दुखतं’ म्हणतच नाहीत. ‘आवळल्यासारखं’, ‘ओझं ठेवल्यासारखं’, ‘जळजळ’ म्हणतात. जबडा, मान, खांदा, दोन्ही हात, पाठ, पोटाचा वरचा भाग, कुठंही येतं. बायकांमध्ये आणि शुगर असलेल्यांमध्ये दुखण्याऐवजी नुसता दम लागतो किंवा एकदम गळून गेल्यासारखं होतं. ‘मागच्या वर्षी हीच चढण एका दमात चढले होते, यंदा तीनदा बसले’ एवढंच वाक्य माझ्यासाठी पुरेसं आहे.

अकरा दिवसांनी अण्णांनी अंगणात पाण्याची बादली उचलली आणि परत ‘पित्त’ आलं. भज्यांशिवाय. तेव्हा माझ्या डोक्यात माहूरच्या पायऱ्या एकेक करून आल्या. ईसीजी काढला तर अगदी नॉर्मल. हेही लक्षात ठेवा. आरामात पडून काढलेला ईसीजी चांगला आला, तर ‘आत्ता, या क्षणी’ ठीक आहे एवढंच त्याचं म्हणणं असतं. पट्ट्यावर चालवून काढलेल्या ईसीजीत, म्हणजे टीएमटीमध्ये, तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला बदल दिसले. नांदेडला अँजिओग्राफी झाली, मुख्य तीन वाहिन्यांपैकी एक जवळजवळ बंद होती, स्टेंट पडला. झटका यायच्या आधी सापडलं, याचं श्रेय त्या बादलीला आहे, मला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असं दडपण आलं असेल, तर ‘बघू पुढच्या बाजारादिवशी’ करू नका. त्याच दिवशी दाखवा.

घरी आल्यावर अण्णा खुर्चीतून उठेनात. हे मी नेहमी बघते. स्टेंटनंतर पेशंट स्वतःला काचेचं भांडं समजायला लागतो आणि घरचे त्याला पाण्याचा ग्लासही उचलू देत नाहीत. खरं तर गुंतागुंत नसेल तर काही दिवसांतच सपाटीवर चालणं सुरू करायचं असतं आणि आठवड्या-आठवड्यानं वाढवायचं असतं. किती आणि कसं, ते तुमच्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारून. पण अंगणात फेऱ्या मारायला इतिहासाच्या मास्तरांचा नकार. “भिंतीकडं बघत काय चालायचं?”

मग मी त्यांना कंधारला नेलं. तुमच्यात कोणी गुडघ्यानं किंवा हृदयानं घाबरलेलं असेल, तर माझी पहिली शिफारस कंधार. तो भुईकोट आहे, डोंगरावर नाही. भोवती पाण्याचा खंदक, आत शिरलं की बरंचसं सपाट, सावलीला कमानी, टेकायला दगड. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण, म्हणजे दहावं शतक, ‘कंधारपुरवराधीश्वर’ म्हणवून घ्यायचा, हे मला त्या दिवशी अण्णांकडून चौथ्यांदा कळलं. मी त्यांना एकच अट घातली: चालताना बोलत राहायचं. वाक्य न तुटता बोलता आलं की वेग योग्य. वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागला की वेग कमी करा. गाणं म्हणता येत असेल तर जरा वाढवा. घड्याळ नको, पट्टा नको. अण्णांसारख्यांना तर ही तपासणी जन्मजात येते.

त्यानंतर आमचे रविवार तसे ठरून गेले. देगलूर तालुक्यातलं होट्टल, चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वराचं मंदिर. बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती बघत दोन प्रदक्षिणा झाल्या तरी कळत नाही. बहिणीकडे लातूरला गेलो तेव्हा औसा तालुक्यातली खरोशाची लेणी. ती जांभ्या दगडात कोरलेली आहेत. टेकडी लहान, म्हणजे पहिली चढण म्हणून चांगली. पण दगड खडबडीत आहे आणि दुपारी तापतो, तेव्हा सकाळीच जा.

सहस्रकुंडला मात्र आमचं भांडण झालं. पैनगंगेचा तो धबधबा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बघण्यासारखा असतो यात वाद नाही. अण्णांना खाली खडकांवर उतरायचं होतं. मी नाही म्हटलं. हृदयाची काळजी नव्हती. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू असतात, बहुतेकांना ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. त्या मनानं बंद करायच्या नसतात, एक दिवसही नाही. पण त्या चालू असताना शेवाळलेल्या खडकावर पडून डोक्याला मार लागला तर आत रक्तस्राव होण्याचा धोका जास्त. डोक्याला मार लागलाच, तर वरून काही दिसलं नाही तरी दवाखान्यात जायचं. अण्णा तासभर माझ्याशी बोलले नाहीत. वरून दिसलेला धबधबाही काही कमी नव्हता, पण हे त्यांना पटवणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.

आणि मग पुढच्या डिसेंबरात माहूर. त्याआधी परत टीएमटी केली, ती चांगली आली. घरातले दोन मजले न थांबता, न दम लागता चढून झाले. भजी रद्द, हलका नाष्टा आणि त्यानंतर तासभर गॅप. थंडीत पहाटे नाही, ऊन अंगावर आल्यावर. खिशात जिभेखाली ठेवायची गोळी. ही गोळी कोणाकडे असेल तर लक्षात ठेवा, ती उभ्यानं घ्यायची नाही. बीपी खाली येऊन चक्कर येते, म्हणून आधी खाली बसायचं. लैंगिक ताकदीच्या म्हणून मिळणाऱ्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना न लाजता सांगा, दोन्ही मिळून बीपी धोकादायक उतरतं. बसून पाच मिनिटांत दडपण गेलं नाही, घाम फुटला, डोळ्यापुढं अंधारी आली, तर दर्शन सोडा आणि 108 ला फोन करा. ‘आता थोडंच राहिलं’ म्हणून चढणारे पेशंट मी पाहिलेत.

पायऱ्यांना एकूण चाळीस मिनिटं लागली. अण्णा सहा वेळा थांबले, प्रत्येक वेळी माझ्या सांगण्यावरून, दम लागायच्या आधी. एकदा ते म्हणाले, “मागच्या साली इथंच बसलो होतो बघ.” मला ती जागा आठवत नव्हती. त्यांना पायरीसकट आठवत होती.

नवरात्रात जाणाऱ्या शुगरच्या पेशंटसाठी दोन गोष्टी. कडक उपवास, गोळी मात्र नेहमीची आणि वर चढण, यानं साखर एकदम खाली येते. विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, जीव घाबरला तर आधी साखर किंवा ग्लुकोज तोंडात टाका, उपवास देवीला समजतो. उपवास धरण्याआधी डोस विचारून घ्या. दुसरं, अनवाणी. तळपायाला मुंग्या येत असतील किंवा बधिर वाटत असेल, तर तापलेल्या फरशीचा चटका तुम्हाला कळतच नाही, फोड संध्याकाळी दिसतो. जाड सुती मोजे घाला आणि घरी आल्यावर तळपाय कोणाकडून तरी उजेडात बघून घ्या.

आता त्या आजोबांचं. मी त्यांना विचारलं, “दवाखान्याचा जिना चढून आलात, कसं वाटलं?” ते म्हणाले, “काही नाही, वर आलो की जरा इथं धरल्यासारखं होतं. बसलो की जातं. गॅसेस असतील.” हात छातीच्या मधोमध होता. ईसीजी नॉर्मल आला. मी त्यांना गोळ्या सुरू केल्या, जड काम आणि जिने बंद ठेवायला सांगितले आणि ‘बसल्या जागी दुखलं तर रात्री बारालाही निघा’ असं मुलाला दोनदा बजावलं. उद्या सकाळी तो त्यांना नांदेडला हृदयरोगतज्ज्ञांकडे नेतोय. आजींनी ओटीचं सामान आधीच आणून ठेवलंय म्हणे. ते राहू द्या म्हटलं, देवी कुठं जात नाही. माहूरचं रिपोर्ट बघून ठरवू.