आधीं जागा, मग जोतें

घर बांधावयाचें म्हटलें कीं मंडळी प्रथम दिवाणखान्याची लांबीरुंदी बोलूं लागतात. मग स्वयंपाकघराच्या ओट्याचा दगड ठरतो. आणि जोत्याची गोष्ट निघते ती गवंडी दारांत उभा राहिल्यावर. आम्हीही या चुकीस अपवाद नव्हतों, म्हणूनच ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें वडिलार्जित घर रोह्यास, कुंडलिकेपासून फार दूर नाहीं. वांटण्या झाल्या, खोल्या अपुऱ्या पडूं लागल्या. शिवाय चिरंजिवांची नोकरी पनवेलास. जाण्यायेण्यांतच त्यांचा दिवस सरे. तेव्हां पेण शहराबाहेर, खाडीच्या बाजूस, नव्यानें पाडलेल्या प्लॉटांपैकीं तीन गुंठ्यांचा एक त्यांच्या मनांत भरला. वैशाखांत आम्ही तो पाहिला. सपाट, कोरडा, वारा भरपूर; भावही गांवांतील जागेहून पुष्कळ कमी. निवृत्तीच्या पुंजींतून आम्हीं एक लाख रुपये विसार दिला.

मग पायाचा वाद सुरू झाला. चिरंजिवांचें म्हणणें, मुरूम भरून जमिनीलगत काँक्रीटचा कोबा करावा, वर फरशी घालावी. खर्च कमी आणि आईच्या दुखऱ्या गुडघ्यांस पायऱ्यांचा जाच नाहीं. आमच्या मेहुण्यांनीं अमेरिकेंत लांकडी तळाखालीं माणूस रांगत जाईल एवढी पोकळी सोडलेलीं घरें पाहिलीं होतीं. तशी पोकळी असली म्हणजे नळ दुरुस्त करणें सोपें, असा त्यांचा आग्रह. परंतु आपल्या पावसाळ्यांतील दमट हवा अशा बंदिस्त पोकळींत कोंडली कीं लांकूड कुजतें. आणि वाळवी, उंदीर व त्यांच्यामागून येणारे सर्प यांना बिनभाड्याचें बिऱ्हाड मिळतें. खालीं मोकळेंच ठेवावयाचें तर काँक्रीटच्या खांबांवर पुरुषभर उंच उचलून वारा आरपार वाहूं द्यावा. पण मग कुटुंबाच्या गुडघ्यांनीं जिना कसा चढावा?

मातोश्री हें सारें ऐकत होत्या. त्यांचें माहेर नागोठण्याचें. जुलै १९८९ मध्यें अंबा नदीच्या पुरानें नागोठणें व जांभूळपाडा या गांवांवर जो प्रसंग आणिला, तो त्या विसरलेल्या नाहींत. त्या एवढेंच म्हणाल्या, "अरे, वैशाखांत कोणतीही जमीन गोडच बोलते. आषाढांत जाऊन ये, आणि तेंही अवसेला."

आम्ही गेलों. पेणच्या खाडीकांठचा हा पट्टा खारजमिनीचा. बांध घालून खारें पाणी अडवावें व आंत भात पिकवावें, हा येथील जुना उद्योग. पण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास भरती चढली म्हणजे बांधाच्या उघाड्या मिटतात आणि पावसाचें पाणी खाडींत न उतरतां सखल जागीं तिष्ठत बसतें. वैशाखांतल्या आमच्या प्लॉटावर त्या दिवशीं गुडघाभर पाणी होतें. शेजारच्या नव्या बंगल्याची फरशी मधोमध खचलेली. कारण भरावाखालची मऊ चिखलमाती भारानें वर्षानुवर्षें दबत राहते. शिवाय समोरचा रस्ता खडी-डांबराच्या प्रत्येक थरागणिक चढत गेलेला, आणि जुनीं घरें मात्र होतीं तेथेंच!

संस्कृतांत पायास 'प्रतिष्ठा' असाही शब्द आहे. हा शब्द आम्हीं तीस वर्षें मुलांकडून चालवून घेतला. त्याचा अर्थ त्या पाण्यांत उभे असतां कळला. कोबा कीं पोकळी, हा आमचा वादच उलट्या क्रमाचा होता. महापुरास कोणतेंही जोतें पुरत नाहीं. पाणी कोठून येतें व कोठें जातें हें आधीं पाहावें. मग जोत्याचा विचार करावा.

विसारापैकीं निम्मेच पैसे परत मिळाले. चिरंजीव आठ दिवस आमच्याशीं मोजकेंच बोलत होते. पुढें गांवाच्या उंच बाजूस दोनच गुंठे घेतले. रस्त्यापासून अडीच फूट भरीव जोतें केलें. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनीं, पाणी मारून व धुमसानें ठोकून भरला. वाळवीचें औषध आणि ओल अडविणारा थर घालावयास विसरलों नाहीं. पायऱ्यांच्या बाजूस, उंचीच्या बारापट म्हणजे तीस फूट लांब, असा सौम्य उतार अंगणाच्या कडेनें वळवून घेतला. या सर्वांपायीं आमची पुस्तकांची खोली मात्र नकाशांतून गेली.

यंदाच्या आषाढांत रस्त्यावरून पाणी वाहत गेलें. आमच्या ग्रंथांच्या पेट्या माळ्यावर कोरड्या होत्या, आणि मातोश्री ओटीवर बसून पाऊस पाहत होत्या. उताराच्या कठड्याला धरून कुटुंब सावकाश वर आलें, तेव्हां चिरंजीव म्हणाले, "बाबा, खोली पुढें वाढवूं." आम्हीं मान हलविली. जोतें भक्कम आहे. वर खोली केव्हांही चढवितां येईल.